खंडेनवमीला बोललेला वायरलेस सेट

भूतखेत, करणी, अंगात येणं... असलं कुणी सांगायला लागलं की माझं डोकंच फिरतं. मी वायरलेस मेकॅनिक माणूस. आवाज आला म्हणजे कुठून तरी कुणीतरी पाठवला, एवढं साधं गणित. पुढचं वाचून कुणी मलाच वेड्यात काढलं तर तक्रार नाही. पण घडलं ते घडलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट, मोठा दुष्काळ सरल्यानंतरची. मी सोलापुरात एका सरकारी खात्याच्या वर्कशॉपमध्ये होतो. जिल्ह्यात कालव्यांची कामं चालू होती आणि साइटवरच्या जीपगाड्यांत वायरलेस सेट बसवायचं काम माझ्याकडे आलं. त्या बाबतीत मी भयंकर खडूस! वायर थेट बॅटरीवरूनच घ्यायची, फ्यूज बॅटरीलगतच, पत्र्यातून वायर जाते तिथे रबर हवंच - नाहीतर खडखडाटाने वायर सोलून गाडी पेटायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सुरुंगाजवळ माइकचं बटण दाबायचं नाही. सुरुंगाची केप, म्हणजे दारू पेटवणारी छोटी नळी, विजेवर उडते. तिच्या मोकळ्या वायरींना बटण दाबल्यावर सुटणाऱ्या सेटच्या लहरीसुद्धा पुरतात. हे मी प्रत्येक साइटवर घसा फोडून सांगितलं होतं. सुरुंग भरलेला असला की रस्त्यावर लाल निशाण लावायचं, असा नियमच होता.

आमच्या जीपचा ड्रायव्हर शिवप्पा, अक्कलकोटकडचा. घरात कानडी, बाहेर मराठी. त्याचा थोरला भाऊ इरप्पा अकलूजच्या बाजूला कालव्यासाठीच्या खाणीवर सुरुंग उडवायचा. बाप लवकर गेलेला, इरप्पानेच शिवप्पाला लहानाचा मोठा केला होता.

खंडेनवमीच्या सकाळी मोठ्या साहेबांचा निरोप आला - त्याच खाणीच्या कॅम्पवरचं एरियल वाऱ्याने पडलंय, जाऊन बघा. शिवप्पाने तोवर जीपला झेंडूचा हार घालून सेटवरसुद्धा हळदकुंकू वाहिलं होतं.

"साहेब, आज हत्याराला इश्रांती असती की. पूजा झाल्यावर सेट चालू करायचा न्हाय."

"ते मोठ्या साहेबांना जाऊन सांग! चल, गाडी काढ."

तो तोंड पाडूनच निघाला.

दुपारी पोचलो. रस्त्यावर निशाण नव्हतं, माणूस नव्हता. सणाची सुट्टी, असं मी धरून चाललो. खाणीच्या कडेला जीप थांबली. पोचल्याचं सोलापूरला कळवावं म्हणून मी सेट चालू केला, माइक उचलला, बटणावर बोट ठेवलं...

"ओत्तब्याड, तम्मा."

स्पीकरमधून. स्वच्छ. ना खरखर, ना ओरडणं - शेजारी बसून बोलावं तसं. कानडी मलाही कळतं. 'दाबू नको रे, धाकट्या.'

शिवप्पाचा चेहरा पांढराफटक पडला. "अण्णा!" असं ओरडून त्याने माझ्या हातातला माइक असा हिसकला की वायरच उपटून आली.

"अरे, डोकं फिरलंय का तुझं?"

"न्हाय दाबायचं साहेब! अण्णाचा आवाज हाय त्यो!"

शिव्या घालत मी खाली उतरलो आणि खाणीत डोकावलो. अगदी खालीच इरप्पा उकिडवा बसला होता. दोन्ही हातांत केपच्या वायरींची उघडी टोकं. मान वर करून तो आमच्याकडे बघत होता, आणि हलत नव्हता.

नंतर कळलं, आदल्या दिवशीचा एक सुरुंग उडाला नव्हता. भरलेला तसाच कसा सोडायचा, म्हणून बिचारा सणाच्या दिवशी एकटाच नवी केप जोडायला आला होता.

"निशाण कुटं हाय?" शिवप्पा किंचाळला.

निशाण कॅम्पच्या शेडमध्ये होतं! खाणीच्या मुकादमाने पहारी, घमेली, हातोडे यांच्याबरोबर तेही पूजेला मांडलं होतं. आणि पूजेतलं हत्यार हलवायचं नाही म्हणून इरप्पानेही तिथेच राहू दिलं होतं. मी त्या मुकादमाच्या नावाने बोंबललो. शिवप्पा खाली धावला होता आणि भावाला मिठी मारून लहान पोरासारखा रडत होता.

परत येऊन बघतो तर सोलापूरचा मुख्य सेट बंद. ऑपरेटर पूजा करून घरी गेलेला. बाकीच्या जीपचे सेटही फुलांखाली गप्प. कॅम्पवरचं एरियल तर जमिनीवरच पडलेलं होतं. कधीकधी लांबच्या परमुलखातलं बोलणं भरकटत आपल्या सेटवर येतं, हे मला ठाऊक आहे. तसंच काहीतरी असणार, असं मी स्वतःला रात्रभर बजावलं.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, इरप्पा सोनं द्यायला माझ्या घरी आला. पाया पडला. मी त्याला बसवलं आणि सरळ विचारलं, "तुझ्याकडे माइक नव्हता, सेट नव्हता. मग बोललास कुठून?"



"जीप दिसली साहेब. तुमच्या शेजारी तम्मा दिसला, माइक उचललेला दिसला. वरडायला गेलो तर घसाच बंद. व्हटबी हालला न्हाय. मी नुसतं मनात म्हणलं..."

मी तो सेट नंतर स्क्रू न् स्क्रू खोलून बघितला. कसलाही दोष नव्हता.