गेज न लावता लिहिलेला आकडा

कळमनुरीत पंक्चरच्या दुकानात असताना ट्रकच्या चाकावर लोखंडी टॉमी मारून, हवा मोजायचं गेज न लावताच, आवाजावरून हवा ओळखायची सवय मला लागली. पुढे विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेत चाकांचं काम मिळालं, तरी ती सुटली नाही. सोबती म्हणायचे, "काका, तुमच्या कानातच गेज हाय." मी फुशारून जायचो.

एका सकाळी विमानाचं डावं चाक मी नुसतं ठोकलं आणि वहीत हवेचा आकडा लिहिला. उड्डाणासाठी वेगात धावताना तेच फुटलं. शिकाऊ पोरीने इंजिन बंद केलं, उजवा ब्रेक दाबून विमान सरळ ठेवायची धडपड केली. तरी ते धावपट्टी सोडून नालीत गेलं. तिचा पाय मोडला.

दवाखान्यात तिने विचारलं, "काका, हवा मोजली होती ना?"

"व्हय ताई, बराबर होती."

"मग माझंच चुकलं."

वहीतला आकडा खरा धरून चौकशीतही तिचीच चूक ठरली. तिने शिकणं सोडलं.

आता शाळा बंद आहे. तिचा पत्ता कुणाकडेच नाही. वर्षभर शोधून थकलो. ताई, कुठे असाल तिथे ऐका, तुमचं काहीच चुकलं नव्हतं. मी हवा मोजलीच नव्हती.