माय-ब्रिटला विचारा

“घरी जाताना डोक्यात एकही माणूस नको, एवढंच मला हवंय,” असं गुनेल हेडवाल एकदा म्हणाली होती. नोव्हेंबर होता. दुपारी तीनलाच बाहेर अंधारून आलं होतं आणि दिवसभर फोन लावून तिचा कान लाल झाला होता. समोरच्या येस्परने मान हलवत ते वाक्य टिपून घेतलं.

वेनर्न सरोवराकाठच्या त्या गावात आजारी माणसांना टॅक्सीने इस्पितळात पोचवणारी एक कचेरी होती. गुनेल तिथे सव्वीस वर्षं फोनवर बसत होती. जुन्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक नावाखाली शेऱ्याची एक चौकट होती, आणि गुनेलची सगळी विद्या त्या चौकटीत होती. कुणाला पुढच्या सीटवर बसवायचं, कुणाच्या कुत्र्याला आधी हाक मारायची. फोल्के रुंडबर्ग या म्हाताऱ्याच्या नावाखाली तिने लिहिलं होतं: ‘बेल, फोन काही ऐकू येत नाही. वर जा. दार उघडंच असतं.’

नवा प्रोग्रॅम करायला येस्पर आणि तूवे राजधानीहून आले. वापरणाऱ्याला मध्यभागी ठेवायचं, हा त्यांचा धर्म. आठवडाभर ते कचेरीतल्या एकोणीस बायकांच्या शेजारी बसले. त्यांनी इतकं ऐकून घेतलं की तेवढं त्या बायकांचं घरीही कुणी ऐकलं नसेल. मग एकोणीस जणींना घोटून त्यांनी एक बाई तयार केली. नाव माय-ब्रिट, वय बावन्न, गुडघेदुखी, एक मुलगी, विणकामाची आवड. कुठूनतरी विकत घेतलेला हसरा फोटो माणसाएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवून त्यांनी तिला बैठकीच्या खोलीत खुर्चीला टेकवून उभं केलं. तिच्या छातीवर मोठ्या अक्षरांत गुनेलचं ते वाक्य होतं.

“गुडघे माझे,” शेर्स्टिन म्हणाली, “विणकाम आनेलीचं. थोबाड कुणाचं गं?”

“विकतचं,” गुनेल म्हणाली, आणि सगळ्या खूप हसल्या.

जानेवारीत चार टेबलांवर चाचणी सुरू झाली. नव्या पडद्यावर शेऱ्याची चौकट नव्हती.

“विसरलास का रे?” गुनेलने येस्परला विचारलं.

“काढली,” येस्पर खुशीत म्हणाला. “माय-ब्रिटला डोक्यात माणसं नकोत.”

“अरे बाबा, ते मी म्हणाले होते. दमले होते मी!”

“मग? तुझंच तर ऐकलं!”

गुनेलने चिठ्ठ्या लिहून पडद्यांच्या कडांना लावल्या. तूवेने त्या हळुवारपणे एकेक सोडवून घेतल्या. “चाचणीत नको गं. नाहीतर प्रोग्रॅम कसा आहे ते कळणार कसं?”

सोमवारी फोल्केची डायलिसिसची फेरी एका नव्या मुलीकडे गेली. तिने ड्रायव्हरला पत्ता दिला. ड्रायव्हरने खालून बेल दाबली, नियमाप्रमाणे तीन मिनिटं थांबला, आणि ‘प्रवासी आला नाही’ असं कळवून निघून गेला. प्रोग्रॅम हुशार होता. त्याने बुधवारची फेरी आपणहून रद्द केली. इस्पितळाच्या वॉर्डातून त्याच्या घरी फोन वाजत राहिला. गुरुवारी शेजारीण आत गेली तेव्हा फोल्के दाराजवळच्या बाकड्यावर कोट घालून, टोपी चढवून, मांडीवर पिशवी घेऊन बसलेला होता. थंडगार.

शुक्रवारी बैठक. कॉफी, दालचिनीचे बन, भिंतीवर निकाल. एका फोनला लागणारा वेळ चार मिनिटांवरून दीडवर. न आलेले प्रवासी, एक.

“तो एक मेला,” गुनेल म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. तूवेचे डोळे भरून आले.

“फार मोलाचं बोललीस,” येस्पर म्हणाला. त्याने पिवळ्या कागदावर ‘शेरा?’ असं लिहून तो भिंतीवर इतर सूचनांच्या रांगेत लावला. “आता मत द्या. प्रत्येकीला तीन टिकल्या.”

गुनेलने तिन्ही लाल टिकल्या शेऱ्यावर लावल्या. शेर्स्टिनने तिच्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि आपल्या तिन्ही ‘अक्षरं मोठी करा’ यावर लावल्या. तिला मोतीबिंदू होता. आनेलीने ‘रंग सौम्य हवेत’ निवडलं. आणखी कुणी शेऱ्यापाशी गेलं नाही. मग येस्परने सहा टिकल्या मोजून घेतल्या आणि ‘चौकटी कमी’ या कागदावर ओळीने लावल्या.

“या कुणाच्या?”

“माय-ब्रिटच्या. तिच्या दुप्पट धरतो आपण. ती सगळ्यांच्या वतीने आहे, तू फक्त तुझ्या वतीने.”

“तिला फोल्के माहीत आहे का?”

“तोच तर मुद्दा आहे, गुनेल. एकेका फोल्केसाठी चौकट ठेवली तर पडदा पुन्हा पहिल्यासारखा होईल.”

“मला विचार ना. मी जिवंत आहे. इथे बसलेय.”

तूवेने तिच्या हातावर हात ठेवला. “तू आत्ता दुःखात आहेस, राणी. माय-ब्रिट नाहीये. म्हणून तिचं ऐकायचं.”

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं कुणाला काही वाटलंच नाही. आनेलीने बनची ताटली पुढे सरकवली. येस्पर टिकल्यांची बेरीज करू लागला.

गुनेल उठली. खुंटीवरचा कोट काढून तिने अंगात घातला आणि बटणं खालपासून वरपर्यंत एकेक लावली. ती काही बोलेल म्हणून सगळे थांबले. दाराच्या वाटेत पुठ्ठ्याच्या बाईची खुर्ची होती. धक्का लागू नये म्हणून गुनेलने अंग चोरलं, आणि ती बाहेर गेली.