हसनाबादहून आणलेलं ग्राफिक्स कार्ड

साखरपुडा मोडला आणि घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांची रांग एकदम थांबली. त्या रिकाम्या दिवसांतल्या एका रविवारी मी बाबांना म्हणाले, “मला कॉम्प्युटर घ्यायचाय. गेम खेळायचा.”

बाबा दाराजवळ खुर्ची टाकून पेपर वाचत होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. उभ्या आयुष्यात पोरांचे इतके प्रश्न ऐकलेले, की कशालाच दचकत नाहीत. पेपर खाली न घेता म्हणाले, “पगारातून?”

“लग्नासाठी मी साठवलेत ना, त्यातून.”

आत स्वयंपाकघरात लाटण्याचा आवाज थांबला. “लोकं काय म्हनतील?” आई तिथूनच बोलली. “एवढी मोठी पोरगी आन् खेळ खेळून राह्यली. त्यापेक्षा कानातलं तरी कर.”

मुलाकडच्यांना मी नोकरी सोडलेली हवी होती. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या पुष्कळ, त्यातल्याच एकीच्या लॅबमध्ये मी आहे. ओल्या कागदात बिया गुंडाळून ठेवायच्या, काही दिवसांनी गुंडाळी उलगडून किती उगवल्या ते पाहायचं. मला ते काम आवडतं. साखरपुड्यानंतरच्या बैठकीत मुलाचे काका म्हणाले, “आमच्यात सुनेनं नोकरी करायची पद्धत न्हाई.” बाबांनी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. “मंग आमची पोरगी बी तुमच्या पद्धतीत बसायची न्हाई,” असं म्हणून ते उठलेच. तिथं विषय संपला.

मला वाईट वाटलं नाही असं मी सगळ्यांना सांगत होते आणि ते खोटंही नव्हतं. पण एका जागी बसवेना. ताटावरून मध्येच उठायचे. टीव्ही लावायचे, बंद करायचे. रस्त्यानं जाताना उगाच भराभर चालायचे, जणू कोणी पाठीमागून हाक मारणार आहे. अशा वेळी हॉस्टेलचे दिवस आठवायचे. संभाजीनगरला शिकत असताना एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर आम्ही चौघी पाळीपाळीनं खेळायचो. डोंगरदऱ्यांतून घोडा पळवायचा, वाटेत कोणी आडवं आलं की लढायचं. तेवढा वेळ माझं डोकं एका जागी राहायचं. तेवढंच मला परत पाहिजे होतं.

तयार गेमिंग कॉम्प्युटर परवडण्यासारखा नव्हता. सुटे भाग घेऊन आपण जोडला तर बराच स्वस्त पडतो. मी साठ हजारांची मर्यादा घातली आणि निवडायला बसले. बसले म्हणजे काय, बसणं राहिलंच बाजूला. प्रोसेसर चांगला घ्यावा तर ग्राफिक्स कार्डाला पैसे उरेनात, आणि खेळ दिसतो तो त्या कार्डामुळंच. कार्ड चांगलं घ्यावं तर मदरबोर्ड हलका घ्यावा लागे. डोकं झाकावं तर पाय उघडे. एका व्हिडिओतला माणूस छातीठोकपणे सांगायचा, हेच घ्या. दुसरा त्यालाच भंगार म्हणायचा. काल पसंत पडलेला प्रोसेसर आज डोळ्यासमोर नको वाटायचा. रिक्षात, लॅबमधल्या चहाच्या सुट्टीत, दवाखान्यात नंबर येईपर्यंत, मी भाव पाहत असायचे. भावही रोज हलायचे, माझ्यासारखेच.

“स्थळं पाहताना एवढं निरखलं असतं,” आई म्हणाली, “तर ही येळ आली नस्ती.”

शेवटी बाबाच म्हणाले, “चल, दुकानात जाऊ. इथं फोनमधी पाहून पाहून डोळे गेले तुझे.”

दुकानदार बाबांशीच बोलायला लागला. “सर, मुलगा कितवीला आहे?”

“मुलगा न्हाई. ही खेळनार है.”

त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि रंगीबेरंगी दिव्यांचं कॅबिनेट, म्हणजे सगळे भाग बसवायची पेटी, पुढं ओढलं. मी पॉवर सप्लाय कोणता ते विचारलं. “तो काय मॅडम, कॅबिनेटसोबतच येतो. त्याच्याकडं कोन पाहते?” मी पाहत होते. आमच्याकडं मे महिन्यात दुपारी लाईट जाते आणि येते तेव्हा अशी उसळून येते, की घरातले बल्ब फुटलेले आहेत. पॉवर सप्लाय हलका असला तर स्वतः जळताना बाकीच्या भागांनाही घेऊन जातो. दिवे नकोत, पॉवर सप्लाय नावाजलेला द्या, पुढून जाळी असलेलं साधं कॅबिनेट द्या, असं मी म्हणत राहिले आणि तो दर वेळी बाबांकडं पाहत राहिला. बाबा छताच्या पंख्याकडं पाहत उभे. मधे एकदा मी चिडून बाहेर पडले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. संध्याकाळपर्यंत कार्ड सोडून सगळं घेतलं. नवीन कार्ड मात्र कुठल्याच हिशेबात बसेना.

मग जुन्या कार्डाची शोधाशोध सुरू झाली. मोबाइलवर एक जाहिरात दिसली. हसनाबादला एकाचं गेमिंग कॅफे बंद होत होतं आणि मला हवं तेच कार्ड विकायला होतं. फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, “भावाला पाठवून द्या, समोरासमोर पाहून घेतील.”

“भाऊ नाही. मीच येते.”

पुढच्या सुट्टीला बाबा आणि मी निघालो. सीटा भरल्या की सुटणाऱ्या वडापच्या जीपमध्ये मी खिडकीशी. ऊन असं, की खिडकीची पट्टी हाताला चटका देत होती. वाटेत मी दोनदा म्हणाले, परत फिरू या. बाबा म्हणाले, “जीप आपल्या बापाची है का?”

हसनाबादला रस्त्यालगत एक शटर होतं. वरच्या पाटीवरचा ‘गेमिंग’ शब्द चुन्यानं पुसला होता आणि त्यावर ‘ट्रॅक्टर’ लिहायला घेतलेलं होतं. आत दोनच कॉम्प्युटर उरलेले, त्यातल्या एकातच कार्ड. दुकानवाला तिशी-पस्तिशीचा, घाईतला. “गावची पोरं शाळा बुडवून यायला लागली, लोकांनी बोंब मारली. पैसा बी सुटंना. आता ट्रॅक्टरचे पार्ट ठेवून राह्यलो,” असं सांगून त्यानं आत बोट दाखवलं. “ते मला काही कळत न्हाई. हिला विचारा.”

कॉम्प्युटरपुढं त्याची बायको बसली होती. पदर कमरेला खोचलेला, बांगड्या कोपराकडं सरकवलेल्या. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “तुम्हीच खेळनार?”

“हो.”

“मंग बसा. गाड्यांचा लावते. एकाच पडद्यावर दोघी खेळू, आपोआप कळंल कार्ड कसं है ते.”

आम्ही खेळलो. पहिल्या वळणावर मी पुढं होते. दुसऱ्यावर तिनं मला असं अलगद बाजूला सारलं, की माझी गाडी सरळ खडकावर. मी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा हरले. तिसऱ्या वेळी मी दात आवळून खेळले, तरी हरले. मी घामानं निथळत होते आणि कितीतरी दिवसांनी हसत होते. खेळ थांबवून तिनं न विचारताच कार्ड किती तापलं ते दाखवलं. “आजून एक सांगते. ह्याचा एक पंखा आवाज करतो. बिघडला न्हाई, पन आवाज करतो.” नवऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या. ती म्हणाली, “घरी नेल्यावर ऐकू येनारच है ना?”

तेवढ्यात लाईट गेली. दुकानवाला बाबांना शेजारचे नवे रॅक दाखवायला घेऊन गेला. आम्ही दोघी त्या तापल्या खोलीत वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेत बसलो. खेळायला तिला तिच्या भावानं शिकवलं होतं, आणि लग्नानंतर कॅफेची कल्पनाही तिचीच. “पोरं मला काकू म्हनायची आन् माझ्यापाशी हरायची,” ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, “एक खेळ आजून राह्यलाय माझा. शेवटच्या राक्षसापाशी आडकले. रोज मारतो मला.”

हे कार्ड काढलं की तो खेळ इथं चालणार नव्हता, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

“ताई, तुम्हाला हे विकायचं नाही का?”

“विकायचंय. मी न्हाई म्हनले अस्ते तर ते थांबले अस्ते, जबरदस्ती करनारे न्हाईत ते. पन दुकान दोघांचं है, आन् चाललं न्हाई ते मला बी दिसतं.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “तू न्हाई नेलं तर दुसरा कोनी नेईल. तू खेळती तरी.”

‘तुम्ही’वरून ती ‘तू’वर कधी आली ते तिलाही कळलं नसावं. मी उठून बाहेर आले. शटरसमोरून या टोकाला, त्या टोकाला. बाबा आले.

“घ्यायचं का न्हाई?”

“कळेना.”

“कार्डात खोट है?”

“नाही.”

“मंग?”

त्या बाईचं काहीतरी मी उचलून नेत होते आणि ती स्वतःच ते माझ्या हातात देत होती. मी परत आत गेले. “घेते. पण तो खेळ तुम्ही माझ्या घरी येऊन पुरा करायचा.”

“जालन्याला? खेळायला?” ती एवढ्यानं हसली, की नवरा डोकावला. “सासूला काय सांगू, राक्षस मारायला चालले?”

पण लाईट आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते त्या खेळातली तिची सगळी वाटचाल एका पेन ड्राइव्हवर उतरवून घेण्याचं. मग स्वतः कॅबिनेट उघडलं, कार्ड काढलं, स्वच्छ टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि पेन ड्राइव्हसकट माझ्या हातात दिलं. परतीच्या जीपमध्ये ते मी मांडीवर धरून बसले होते. खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पलंगावर चादर अंथरून जोडायला घेतलं. बाबा टॉर्च धरून. प्रोसेसर बसला, रॅम बसली, कार्ड मात्र कॅबिनेटात बोटभर लांब पडलं. पुढचा पंखा काढला तेव्हा कुठं आत गेलं. बटण दाबलं. पंखे फिरले, लहानसा दिवा लागला. मॉनिटर काळाच.

सगळं काढलं, सगळं पुन्हा जोडलं. काळाच. “फुटलं का?” आईनं दारातून विचारलं. मी तिच्यावर ओरडले, मग पलंगाच्या कडेला बसले आणि रडायलाच लागले. एका कॉम्प्युटरसाठी एवढं रडतात का, असं मनात येत होतं आणि रडू थांबत नव्हतं. जवळ येऊन आईनं पाठीवर हात ठेवला. इतक्या दिवसांत तिनं मला पहिल्यांदाच रडताना पाहिलं होतं.

बाबांनीच हसनाबादला फोन लावून माझ्या कानाशी धरला.

“मॉनिटरची वायर कुठं खोचली?” पलीकडून ताईनं विचारलं.

“मागं.”

“मागं वरती का खालती?”

“वरती.”

“ते मदरबोर्डाचं है. खालती पाह्य, आडव्या पट्टीत. तिथं लाव.”

लावली. पडदा उजळला. मी फोनमध्ये किंचाळले, तर पलीकडून तीही किंचाळली.

ती येईल असं मला खरं वाटलं नव्हतं. पण पावसाळा सरता सरता नवरा ट्रॅक्टरचा माल न्यायला जालन्याला आला, तेव्हा सोबत तीही आली. आईनं पोहे केले, माहेर कोणतं, सासू कशी, सगळं विचारून घेतलं आणि मग पलंगावर आमच्या मागं बसून राहिली. ताई खेळत होती आणि राक्षस तिला मारत होता. दुपार कलली. नवऱ्याचा फोन आला, माल भरला, निघू. तिनं फोन कट केला. पुन्हा वाजला. आईनं तो उचलला आणि म्हणाली, “भाऊ, तुम्ही बी या इकडं. जेवून जा. तिचं आजून झालं न्हाई.”

राक्षस त्या दिवशी मेला नाही. ती पुढच्या खेपेला आली तेव्हा मेला. तिनं माऊस सोडला, हात मांडीवर ठेवले. मी टाळ्या वाजवत होते, आईसुद्धा. ती मात्र म्हणाली, “झालं की. आता घरी जाऊन मला करमायचं न्हाई.”

महिन्याभरात तिचा फोन आला. उरलेला कॉम्प्युटर तिनं विकू दिला नव्हता. ट्रॅक्टरच्या दुकानाच्या कोपऱ्यात मांडून त्यावर लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देत होती आणि त्यातून चार पैसे सुटायला लागले होते. “एखादं लहान कार्ड पाह्य ना,” ती म्हणाली. “अर्जाला लागत न्हाई ते. पन पाह्य.”

तेव्हापासून आमचं दोघींचं चालू आहे. एक कार्ड मला पसंत पडतं तर तिला महाग वाटतं. तिनं सुचवलेलं मला हलकं वाटतं. भाव उतरतील म्हणून ती थांबू म्हणते, चढतील म्हणून मी आत्ताच घे म्हणते. परवा फोनवर भांडण इतकं वाढलं, की तिचा नवरा मागून ओरडला, “आगं, एकदाचं घेऊन टाक!” आणि आम्ही दोघी एकदमच त्याला म्हणालो, “थांबा हो.”