वारासिवनीच्या स्टँडमागे टाकलेली डबी

कांता मावशी. माझ्या आईची थोरली बहीण, मध्य प्रदेशातल्या खैरलांजीजवळच्या गावातली. अडीच वर्षांपूर्वी, धानाची मळणी आटोपल्यावरच्या पहिल्या मंगळवारी, दुपारी पावणेदोनला, वारासिवनीच्या बस स्टँडमागे मी तिचा घात केला. ती तिथं नव्हती. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही — आईला नाही, मावशीच्या पोराला नाही, मावशीला तर नाहीच.

मी पत्रकं वाटतो. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची. बायामाणसं जमली की माझं पहिलं वाक्य ठरलेलं — लाज सोडा. मग भराभर सांगतो: शौचातून रक्त जाणं, शौचाची रोजची सवय बदलून काही आठवडे तशीच राहणं, कारण नसताना वजन उतरणं, अंगातलं रक्त कमी होऊन थकवा येणं — यातलं काहीही असलं तर डॉक्टर गाठा. तंबाखू-दारू सोडा, चाला, भाजी-डाळ जास्त खा. हा रोग बहुतेक वेळा आतड्यातल्या छोट्याशा गाठीतून सुरू होतो, वर्षानुवर्षं हळू वाढतो. ती गाठ वेळेत काढली तर कॅन्सर व्हायच्या आधीच थांबतो. मी हे इतकं ठासून सांगतो की समोरची माणसं मान खाली घालतात. आणि मला त्यांचा राग येतो. काय लपवताय? कोणापासून?

मावशीकडे मी सहावीपासून बारावीपर्यंत राहिलो. आठवीत मला हगवण लागली तेव्हा माझ्या चादरी तिनं धुतल्या. नाक मुरडलं नाही. हे आधी सांगतोय, कारण पुढचं ऐकताना, तू जो कोणी असशील, ते तुझ्या लक्षात राहायला हवं.

त्या वर्षी ती सारखी थकायची. धान पाखडता पाखडता मधेच बसायची. तिच्या पोरानं माझं पत्रक तिला वाचून दाखवलं, तर हसली. ‘‘काहून रे, एवढा शिकला आन् लोकायचं हागणं पाहत फिरून राह्यला?’’

पण डबी भरून दिली. आमची पद्धत साधी आहे — झाकणाच्या डबीत शौचाचा नमुना, वर नावाची चिठ्ठी, आणि ज्यानं ती घेतली त्यानंच त्याच दिवशी बालाघाटच्या लॅबमध्ये पोचवायची. डोळ्याला न दिसणारं रक्त त्यात सापडतं. मावशीनं डबी तीन पिशव्यांत गुंडाळली, झोळ्याच्या तळाशी ठेवली आणि वर नवा चिन्नोर तांदूळ भरला. ‘‘रस्त्यानं कोनाले समजनार नाही,’’ म्हणाली. लाज तिला होतीच. तरी तिनं दिली ना?

बसमध्ये माझ्या कॉलेजातली एक ओळखीची मुलगी शेजारी येऊन बसली. तिच्यासमोर मला बरं दिसायचं होतं — एवढंच. चिन्नोरचा वास लपतो होय?

‘‘चिन्नोर है ना? पूरी बस महक रही है। दिखा ज़रा।’’ तिनं झोळ्यात हात घातला. ‘‘और ये नीचे क्या छुपा रखा है — मिठाई?’’

मी झोळा ओढला. मी, पत्रकवाला, हसत हसत म्हणालो — कुछ नहीं, ऐसे ही. वारासिवनीला बस थांबली. मी उतरलो, स्टँडमागच्या कचऱ्याच्या ढिगावर डबी टाकली, नळावर हात धुतले, परत येऊन तिच्या शेजारी बसलो आणि झोळा उघडून दाखवला.

‘‘बस? चावल?’’

बस. चावल. तो मी आठवडाभर खाल्ला.

दुसरी डबी आणता आली असती. तासा-दोन तासांची बस, आणखी काय? पण मग पहिलीचं काय झालं ते सांगावं लागलं असतं. चार दिवसांनी मावशीचा फोन आला आणि मी म्हणालो — साफ आहे मावशी, काही निघालं नाही. ‘‘हौ का? बरं झालं बाप्पा,’’ ती म्हणाली. अख्ख्या आळीत सांगितलं तिनं.

वर्षभरानं तिला रक्त दिसायला लागलं. पोरगा म्हणायचा, डॉक्टरकडं चल. ती म्हणायची, ‘‘माही तपासनी झाली हाय. भाच्यानंच केली. हे मूळव्याध असन.’’ असे सहा महिने गेले. डोळ्याला रक्त दिसलं तर आधीची तपासणी कितीही चांगली असो, थेट डॉक्टरकडं जायचं — हे माझ्याच पत्रकात छापलंय. पण तिनं पत्रकावर नाही, माझ्यावर विश्वास ठेवला.

नागपूरला डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी कधी तपासलं होतं का? मी पलंगाजवळच उभा होतो. बोलता आलं असतं. मावशीच आधी बोलली — हौ, झाली होती, साफ होती. मग माझ्याकडं पाहून, मला वाईट वाटू नये म्हणून — ‘‘पोराचा काय दोस जी. रोगच चोर हाय.’’

मी तिची चादर सारखी केली. रोग तोवर यकृतात पोचला होता. होळीच्या आधी ती गेली.

त्या डबीत काय निघालं असतं, ते मला कधीच कळणार नाही. निघालं नसतं कदाचित. या ‘कदाचित’मागं मी बरेच दिवस लपलो.

आणि अजून एक आहे. हेच सगळ्यात वाईट. आता सभांमध्ये मी तिचं उदाहरण देतो. माझी मावशी, म्हणतो, लाजेपायी गेली. लोक हळहळतात. बाया पदरानं डोळे पुसतात. मागच्या महिन्यात रामपायलीत एक म्हातारी म्हणाली, ‘‘बिचारीनं सांगतलं असतं तं वाचली असती, नाही का रे बाबू?’’ मी म्हणालो — हौ.

तिनं सांगितलं होतं. लाज माझी होती.

मला माफ कर असं मी म्हणत नाही. तू आज घरी जा आणि आईला विचार, थकवा येतो का, शौचाला रक्त दिसतं का. पंचेचाळिशी ओलांडली असेल, किंवा घरात कोणाला हा रोग झाला असेल, तर डॉक्टरांना तपासणीचं विचार. डबी दिली तर स्वतःच्या हातानं पोचव. आणि कोणी — माझ्यासारखा पत्रकवाला भाचा का असेना — ‘साफ आहे’ म्हणाला, तर त्याला तिथंच थांबव आणि म्हण: कागद दाखव.