कुठून आला, तो कप्पा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी गॅस सिलिंडर कधी बदलला तेही सांगते.

नोएडातल्या आमच्या ऑफिसात औषधांच्या फ्रिजवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम होता. असा प्रोग्राम चालताना सिस्टिमच्या लॉगमध्ये संदेश पाठवत राहतो. आधी ते नुसतं एक वाक्य असायचं — काहीतरी बिघडलं. काय? कुठे? बसा शोधत. मी शिस्त लावली. संदेशात कप्पे हवेत: फ्रिज कोणता, तापमान किती, बाब किती गंभीर. आणि संदेश कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीतून निघाला, हा कप्पा तर आपोआप भरतो. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी सांगायचे, कुठून आला हे न सांगणारा संदेश म्हणजे निनावी पत्र.

मीच सांगायचे.

पुढे माझ्याच फाइलमधून लाल इशारे यायला लागले. सेन्सर गप्प झाला की 'गंभीर'. साहेब रोज सकाळी सगळ्यांसमोर फाइलचं नाव वाचायचे — "फिर से आपकी, मैडम?" त्यात ग्राहक बघायला येणार होते. मी 'गंभीर'चं 'माहिती' केलं. तेवढ्यावर थांबले असते तर — नाही, तेवढंही वाईटच. पण मी आणखी एक ओळ लिहिली. कुठून आला तो कप्पा भरू नकोस, एवढंच सांगणारी. ग्राहक गेले की काढू, म्हटलं. भाजीपासून विम्यापर्यंत सगळ्याची यादी करणारी मी, हे कुठल्याच यादीत लिहिलं नाही. याला विसरणं म्हणायचं?

मग एका गोदामातला फ्रिज बंद पडला. इशारा गेला, पण साध्या माहितीच्या ढिगात. कुणी पाहिला नाही. इन्सुलिनचा सगळा साठा फेकावा लागला.

मीटिंगमध्ये तो संदेश पडद्यावर आला. शेवटचा कप्पा रिकामा. आमच्याकडे तो रिकामा असायचा फक्त प्रोग्रामच्या एका जुन्या भागातून आलेल्या संदेशात, आणि तो भाग सुनीलकडे होता. सुनील नागपूरचा, करोल बागेत भाड्याने राहणारा. टेबलावर निळ्या कोटातला, हातात संविधान घेतलेला छोटा फोटो. चारचौघांत मला मॅम म्हणायचा, डबा उघडला की ताई.

साहेब हसून म्हणाले, "इनसे और क्या उम्मीद करें." 'इनसे' म्हणजे कोण, हे त्या खोलीत प्रत्येकाला कळलं. सुनीललाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. "ताई, हा माझा संदेश नाही. तुम्ही सांगा ना यांना."

मराठीत म्हणाला. तिथे मराठी कळणारे आम्ही दोघंच होतो. मी हिंदीत उत्तर दिलं — "देखना पड़ेगा."

साहेबांवर चिडणं सोपं आहे. बरीच वर्षं मी तेच केलं. वाक्य त्यांचं होतं, पण त्याला बसायला जागा कुणी करून दिली? बदल कुणी केला ते तपासता आलं असतं. कुणी तपासलं नाही. सगळ्यांना उत्तर आधीच मिळालं होतं. सुनीलकडून राजीनामा घेतला. त्यानंतर मी गुपचूप ती ओळ काढली, 'गंभीर' परत आणलं. मैडम ने सब ठीक कर दिया, अशी मेल आली. मी त्यावर 'थँक यू' लिहिलं. लिहिलं मी ते!

गेल्या हिवाळ्यात तो कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसच्या कँटीनमध्ये भेटला. सोबत मुलगी, कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारी. मी उठून जायच्या आत त्याने हाक मारली — "ताई!" मग मुलीला म्हणाला, "यांना विचार. संदेश कुठून आला ते लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे मला यांनी शिकवलं."

मुलगी म्हणाली, "सच में, आत्या? पापा रोज हेच ऐकवतात यार."

तो हसत होता. ती ओळ माझी होती, हे सांगायला समोर फक्त तो आणि त्याची मुलगी होती. साहेब नव्हते, मीटिंग नव्हती. भाषाही आमचीच.

मी म्हणाले, "हो, खरंच." आणि वड्याबरोबर आणखी चटणी मागितली.