नळाचं पाणी आणि नाटकाचं शेवटचं गाणं

सध्या दुपारी माझं चित्त थाऱ्यावर नसतं. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानात रेडिओ चालू असतो. त्यावर नाटकातलं गाणं लागलं की माझे हात थांबतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि बोटांत विडीचं कापलेलं पान तसंच उघडं राहतं. समोर बसलेली लेक म्हणते, "आई, पान वाळलं बघ." ती सिनेमाच्या गाण्यांची. ट्रंकेच्या झाकणाला आतून तिनं एका नटाचा फोटो खळीनं चिकटवलाय, वडलांना दिसू नये म्हणून. माझ्या गाण्यांना ती हसते. "तुझ्या बाया एक शब्द म्हनायला अर्धा तास लावत्यात. तवर सिनेमात लगीन होऊन पोरं पन होत्यात की."

चारचौघांत मला तोंड उघडता येत नाही, घरातही फारसं नाही. चौथीपर्यंत शिकले, त्यामुळे वाचता येतं आणि असं थोडं लिहिताही येतं. भिंतीवर नाटकाची जाहिरात लागली की बाजाराच्या वाटेवर थांबून ती पुरी वाचते. एकदा शेंगदाण्याच्या पुडीचा कागद उलगडला तर आत तिचाच फोटो निघाला, मला आवडते त्या गाणाऱ्या नटीचा. गालावर तेलाचा डाग पडला होता. तो कागद मी देवाच्या तसबिरीमागे ठेवलाय. देवाला नमस्कार करताना दोघांना होतो.

तिचं एक संगीत नाटक मी दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा शेवट सोडून.

कंपनी सोलापूरला आली की एक खेळ दुपारी फक्त बायकांसाठी असायचा. आम्ही गल्लीतल्या विड्या वळणाऱ्या बायका त्या खेळाला जायचो. आदल्या दिवशी जास्तीचं काम उरकायचं, सकाळी विड्या कारखान्यात देऊन यायच्या, केसांतला तंबाखूचा वास जावा म्हणून डोक्यावरून न्हायचं आणि मागच्या रांगेत जाऊन बसायचं. अडचण एकच होती. आमच्या चाळीला एक नळ आणि त्याला पाणी संध्याकाळी पाचला. ते चुकलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत घागर कोरडी. दुष्काळाच्या साली तर पाणी दिवसाआड येई. संगीत नाटक काही पाचच्या आत संपत नसे. त्यामुळे पावणेपाच झाले की आमच्या रांगांतल्या बायका उठायच्या. तिकडे नायिकेवर काय संकट आलंय याची पर्वा न करता, पिशव्या, पोरं, चपला गोळा करून मुकाट बाहेर पडायच्या.

माझ्या शेजारी अक्का बसायची. अक्का म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी तेलुगू बाई, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. तिचा नवरा मागावर कामाला होता. दिवसभर आम्ही दोघी एकाच ओट्यावर समोरासमोर बसून विड्या वळायचो. मी बोलत नसे, म्हणून तीच दोघींचं बोलायची. नाटकात पुढच्या रांगेतल्या बायका गाण्याला वन्स मोअर द्यायच्या आणि अक्का दात खायची.

"ह्यांचा नळ घरात हाय. ह्यांचं काय जातंय? म्हन बाई अजून एकदा. आमी जातो तान्हेनं मरून."

मला मात्र आतून बरं वाटायचं. पाण्याची धाकधूक असायची, पण तेच गाणं परत ऐकायला मिळायचं.

त्या नाटकाच्या पहिल्या वेळी अक्कानंच तोड काढली. म्हणाली, "दोघी कशाला उठायचं? एकीनं बसायचं, एकीनं दोन्ही घरचं पानी भरायचं. बसनारीनं दुसऱ्या दिवशी सांगायचं, कसं संपलं ते. गानं पन म्हनून दाखवायचं." त्या दिवशी मी पाणी भरायला आले, अक्का बसली.

दुसऱ्या दिवशी पानं भिजवून कापायला बसलो तेव्हा मी विचारायच्या आधीच ती सुरू झाली. "राजा मापी मागतो. लई रडतो. ती न्हाय म्हनती. दागिने काढून ठेवती आन् निगून जाती. जाताना गाती."

"काय गाती?"

"शब्द अवघड हायत तुमच्या मराठीचे. चाल धर."

आणि तिनं ती चाल म्हटली. खालच्या आवाजात, हात न थांबवता. ती चाल अशी होती की पान गुंडाळताना खाली उतरायची आणि विडीचं तोंड मोडताना वर जायची. बाकीच्या नाटकी गाण्यांना माझी विडी सैल व्हायची आणि कारखान्यात छाटात, म्हणजे नापास विड्यांत, जायची. या चालीवर सरळ, घट्ट विडी पडायची. दोन वर्षं आम्ही ती ओट्यावर बसून म्हटली. अक्का मोठ्यानं, मी ओठांतल्या ओठांत. मला ती नटी डोळ्यांपुढे दिसायची, दागिने काढून निघालेली. आपण तो शेवट कधी तरी डोळ्यांनी पाहायचा, तिच्या तोंडून ते गाणं ऐकायचं, एवढी एकच इच्छा मी त्या दिवसांत स्वतःसाठी म्हणून धरली होती.

दोन वर्षांनी कंपनी परत आली. या वेळी बसायचं माझ्याकडे होतं. अक्का जरा आधीच निघाली, निघताना माझ्या पदराला चिमटा घेऊन म्हणाली, "हलू नको. पानी मी बघते."

पण पावणेपाचला सगळी रांग उठली. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या खाडखाड वाजल्या. पुढच्या बायकांनी माना वळवून पाहिलं. स्टेजवर ती नटी बोलता बोलता थांबली, मागच्या अंधारात काय चाललंय ते क्षणभर पाहत राहिली आणि मला वाटलं, ती माझ्याकडेच पाहतेय. एवढ्या रिकाम्या खुर्च्यांत मी एकटी दिसणार. माझे पाय आपोआप उठले. गर्दीबरोबर मी बाहेर आले आणि चाळ येईपर्यंत थांबले नाही.

अक्का नळावर होती. माझी घागर लावलेली. मला पाहून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आलीस? संपलं?"

"न्हाय. सगळ्या उठल्या."

"सगळ्या उठल्या. त्या पान्यासाठी उठल्या. तुजं पानी मी हितं भरते की."

मागची एक बाई म्हणाली, "अक्का, तिला घरातल्या आरशाची पन लाज वाटती. तिला कुटं बसवतीस?" सगळ्या हसल्या. अक्का हसली नाही. माझी घागर काढून तिनं माझ्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली आणि परत नळावर गेली. दुसऱ्या दिवशी ओट्यावर तिनं तो विषय काढला नाही. ती चालही पहिल्यांदा मी म्हटली नाही आणि तिनंही म्हटली नाही. आठ दिवसांनी आपोआप परत सुरू झाली.

पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्याला भिवंडीत माग मिळाला. दोन ट्रंका, एक शिवणयंत्र आणि पोरं घेऊन ते स्टेशनवर गेले. मी दारापर्यंत गेले. अक्का म्हणाली, "ये एकदा." मी मान हलवली. ती नटीही नंतर स्टेजवर दिसली नाही. लग्न होऊन दूर गेली असं लोक म्हणतात.

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात शिंप्याच्या रेडिओवर तेच नाटक लागलं. मी सूप घेऊन दुकानाच्या पायरीजवळ जाऊन बसले. शिंपी म्हणाला, "वैनी, आत या की, तितं ऊन हाय." मी बाहेरच बसले. शेवट आला. राजानं माफी मागितली आणि तिनं माफ केलं. दोघं एक झाली. मग तिचं गाणं लागलं, तिचाच आवाज, आणि ते गाणं मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. ते आनंदाचं होतं. चाल सगळी वेगळी.

मला वाटलं, नाटक दुसरंच असेल. पण बाकीची सगळी गाणी तीच होती.

दोन दिवस मी अक्काची चाल मनात घोळवत राहिले. तिसऱ्या दिवशी विड्या द्यायला गेले तेव्हा रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी तेलुगू बाई होती. ओळखीची, पण कधी बोलले नव्हते. कसा कोण जाणे धीर झाला. मी तिच्या कानाशी हळूच चाल म्हटली आणि विचारलं, "आजी, ही कशाची हो?"

ती मागे वळली. "ही तुला कुनी शिकवली? लेक सासरी धाडताना म्हनतो आमी. आई म्हनती. माज्या आईनं म्हटलेली."

रांग पुढे सरकली. माझ्या विड्या मोजून झाल्या, छाट किती निघाला तेही मी पाहिलं नाही.

तेव्हापासून विचार करतेय. अक्का त्या दिवशी बसली होती का? की तिलाही रिकाम्या रांगेत बसवलं नाही आणि ती बाहेर कुठे तरी वेळ काढून घरी आली? की तिनं सगळं पाहिलं आणि तिला ती माफी पटली नाही? ओट्यावर इतकी वर्षं ती माझ्यासमोर हातभर अंतरावर होती. चालीतली जागा चुकली तर मी तिला खुणेनं विचारत असे, पण हे गाणं गाताना तुझे डोळे भरून का येतात, हे नाही विचारलं. तिची आई कधी वारली, तिला कुणी असं गाऊन धाडलं होतं का, हेही मला माहीत नाही.

भिवंडीला जाणाऱ्या माणसांबरोबर निरोप धाडता येईल, असं लेक म्हणते. काय निरोप धाडायचा ते मला सुचत नाही. हात चालू असले की चाल येते. शब्द मात्र माझ्याजवळ नाहीत. ते तेलुगूत होते, तिला येत होते, आणि मी ते कधी मागितले नाहीत.