एकादशीची भगर आणि अक्काचा डोळा

आपल्या गटातील सदस्यहो, लिहितो आहे तो त्राग्यानेच.

माझी थोरली बहीण, अक्का, वाटूरला असते. महिनाभर तिची कानशिले ठणकत होती, वेणी घालणे सोसवत नव्हते, भाकरी चावताना जबडा दुखे. घरच्यांनी दाढ काढून आणली! उजव्या डोळ्यापुढे क्षणभर अंधार आला, तेव्हा कुठे आज सकाळी मी तिला जालन्यात डॉक्टरांना दाखवले. डोक्याच्या धमन्यांना सूज आहे आणि त्यामुळे दृष्टी कायमची जाऊ शकते, असे ते म्हणाले. स्टेरॉइडच्या गोळ्या आजच, जेवणानंतर, असे बजावले.

जालन्यातच मस्तगडला माझ्या घरी दुपारी चार वाजता पाहतो तर गोळ्यांचे पाकीट जसेच्या तसे.

"आज एकादस हाय. जेवल्यावर घे म्हणल्ता डॉक्टर. मी कुठं जेवले?"

"मग ताटभर भगर कुणी खाल्ली?"

"भगर म्हंजी जेवण न्हाई, बापू. येवढा शिकला अन् येवढंबी कळंना?"

आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले, पण हिच्यापुढे ते चालेना. डॉक्टरांना फोन लावून रिसीव्हर तिच्या कानाला धरला. पोटात काहीही असले तरी चालते, हे त्यांच्या तोंडून ऐकल्यावरच तिने गोळी गिळली.

मग हळूच म्हणाली, "दुपारी अजून एकदा अंधारलं व्हतं. तू उपास मोडायला लावशील म्हून बोलले न्हाई."

आता ती दवाखान्यात दाखल आहे. डोळा वाचेल का, हे डॉक्टर आज सांगू शकत नाहीत.

चिडलो तिच्यावर, पण भगर मीच वाढली होती आणि गोळीचे विचारले नव्हते. तुम्ही विचारले असते?